शेजारी शहर होणार आहे म्हणे! मग घर घ्यायचं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांची रेंज लोकलमध्ये नेमकी महत्त्वाच्या वाक्याला जाते, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जशी बोलले तसंच बरंचसं ठेवलंय.

फ्लॅट दाखवणाऱ्या एजंट लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं. ते खिडकी उघडतात, बाहेरच्या मोकळ्या जमिनीकडे हात करतात आणि म्हणतात, "आज काय आहे ते बघू नका, उद्या काय होणार आहे ते बघा." त्या "उद्या"ला तारीख नसते. भाव मात्र असतो, आणि तो आजच द्यायचा असतो.

हा विषय सध्या माझ्याही घरातला आहे. मी आणि माझा नवरा घणसोलीत भाड्याने राहतो आणि तळोज्याच्या बाजूला एक टू बीएचके बघतोय. इमारत तयार आहे, शेजारी मात्र कित्येक एकर मोकळी जमीन आहे. तिथे हजारो घरांचा मोठा गृहप्रकल्प ठरलाय. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचं कर्ज पणाला लावायचं, आणि तेही शेजारच्या नकाशाकडे बघून? म्हणून मी माझ्या नेहमीच्या सवयीप्रमाणे इतिहासाकडे वळले. कारण "इथे उद्या शहर होणार आहे" हे वाक्य आपल्या मुंबईत सव्वाशे वर्षं जुनं आहे.

रस्ते आधी, माणसं नंतर

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या दाटीवाटीच्या वस्तीतून तो पसरला, माणसं मेली, हजारो लोक शहर सोडून पळाले. सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कामं दोन. जुन्या दाट वस्त्या फोडून हवा खेळती करायची, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जागेवर नवी वस्ती वसवायची. त्यातूनच दादर, माटुंगा, वडाळा, सायन या भागांच्या योजना आल्या.

आज दादरला वन बीएचके घ्यायचा म्हटलं तरी आपल्याला घाम फुटतो. पण तेव्हा हा भाग म्हणजे शेतं, बागा आणि खाजणाच्या कडेची गावं. ट्रस्टने जमीन घेतली, सरळ रुंद रस्ते आखले, गटारं बांधली, प्लॉट पाडले. आणि मग? मग वाट बघितली. पहिलं महायुद्ध येऊन गेलं तरी बरेच प्लॉट तसेच पडून होते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती हे सगळं खऱ्या अर्थाने भरलं ते १९२० आणि ३० च्या दशकांत. म्हणजे नकाशा काढणारा अधिकारी निवृत्त होऊन गेला असेल, तेव्हा कुठे त्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायला माणसं आली.

म्हणजे योजना वाईट होती का? उलट, आज मुंबईतल्या सगळ्यात राहण्यासारख्या भागांत फाइव्ह गार्डन्सचं नाव येतं. योजना चांगलीच होती. फक्त तिला एक अख्खी पिढी लागली.

वरळीच्या रिकाम्या खोल्या

दुसरी गोष्ट बीडीडी चाळींची. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. महायुद्धानंतर मुंबईत घरांची भयंकर टंचाई होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये हे खातं काढलं आणि गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा घाट घातला. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून त्यासाठी पैसा उभा केला.

खोल्या झाल्या सुमारे १६,०००. नायगाव, डिलाईल रोड, शिवडी आणि वरळी अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी. आणि बरं का, शहरात घरांची इतकी टंचाई असताना वरळीच्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या! कारणं अगदी आपल्या ओळखीची आहेत. कामाची जागा लांब, बाजार जवळ नाही, जायला-यायला सोय नाही, आणि भाडं कामगाराच्या पगाराच्या मानाने जड. शेवटी १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा वापर सत्याग्रहींना डांबायला तात्पुरता तुरुंग म्हणून केला. घरं म्हणून बांधलेल्या खोल्यांत आधी कैदी राहून गेले.

पुढे त्याच चाळी भरभरून वाहिल्या. तिथे संसार झाले, गणपती बसले, चळवळी उभ्या राहिल्या. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. पण १९२५ साली वरळीच्या शेजारी कुणी "उद्या इथे बाजारपेठ होणार" म्हणून दुकान काढलं असतं, तर त्याचे काय हाल झाले असते विचार करा. इमारती उभ्या राहिल्या म्हणजे वस्ती झाली असं नसतं. नोकरी, बाजार आणि बस आली की वस्ती होते.

कागदावरचं शहर

आता येऊया खाडीपलीकडे, म्हणजे थेट माझ्या प्रश्नाकडे.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी "मार्ग" या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबट होत चाललीय, सगळे सकाळी दक्षिणेला आणि संध्याकाळी उत्तरेला धावतायत. त्यापेक्षा खाडीच्या पूर्वेला जुळं शहर उभारा. नुसती घरं नकोत, नोकऱ्याही तिकडेच न्या. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन आणि २० लाख लोकांचं शहर, असा तो आराखडा.

या शहराचा कणा होता सरकारी कार्यालयांचं स्थलांतर. मंत्रालय खाडीपार गेलं की त्यामागे कंपन्या जातील, असा हिशोब. प्रत्यक्षात त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून उंचच उंच ऑफिसं उभी राहिली आणि मंत्रालय जागचं हललं नाही. बेलापूरला कोकण भवन आलं. "सीबीडी" हे नावही आलं. सीबीडी म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, शहराचं मुख्य व्यापारी केंद्र. नाव आज स्टेशनावर आहे, पण राज्याचा कारभार अजून दक्षिण मुंबईतूनच चालतो.

काही गोष्टी मात्र खरोखर आल्या. घाऊक बाजार ८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलले आणि त्यांच्यासोबत माथाडी, व्यापारी, ट्रकवाले, हॉटेलं असं सगळं आलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने तर सिडकोच्याही आधीपासून होते. थोडक्यात, जिथे काम होतं तिथे वस्ती लवकर जमली.

माझी आत्या १९८४ मध्ये परळच्या एका खोलीतून वाशीला राहायला गेली. मी तिला विचारलं, "आत्या, तेव्हा ट्रेन येणार म्हणून घर घेतलंस ना?" ती हसली. म्हणाली, "ट्रेन? अगं, ट्रेनचं तर तेव्हा नुसतं ऐकत होतो. तुझ्या आतोबांचा कारखाना तुर्भ्याला, बस दारासमोरून, शाळा चालत दहा मिनिटांवर. म्हणून घेतलं. ट्रेन आली ती नंतर, बोनस म्हणून."

मला तिचं हे उत्तर फार मोलाचं वाटतं. तिने "उद्या" विकत घेतला नाही. तिने तेव्हाची वाशी बघितली, ती आपल्याला पुरते का ते तपासलं आणि तेवढ्याचेच पैसे दिले.

ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहिलं

नकाशात जी जागा "मोकळी" दिसते ती मोकळी नसते, हेही याच शहराने शिकवलं. इथे आगरी, कोळी, कराडी माणसं होती. भातशेती, मिठागरं, मासेमारी होती. जमिनी गेल्या आणि मोबदला तुटपुंजा मिळाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात जासईच्या बाजूला मोठं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण मरण पावले. पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. आज नवी मुंबईत "साडेबारा टक्क्यांचा प्लॉट" हा शब्द पानवाल्यालाही माहीत असतो. त्या मागे पाच माणसांचा जीव आहे.

घर घेणाऱ्याशी याचा थेट संबंध आहे. सेक्टर आखीव, पण मधली गावठाणं तशीच. कुटुंबं वाढली, गरजेपोटी घरं वाढली आणि काही ठिकाणी त्यांच्या आडून चार-सहा मजली इमारती उठल्या. आखीव सेक्टरला लागून, तेच स्टेशन, तोच बाजार आणि भाव बराच कमी! पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ओसी म्हणतो, तेच नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर कारवाई सुरू झाली, तेव्हा रस्त्यावर आली ती घर घेणारी साधी कुटुंबं. शेजारची वस्ती नियोजनबद्ध आहे म्हणून आपली इमारतही कायदेशीर ठरत नाही.

तारखांचा हिशोब

आता जरा वही-पेन घ्या.

रस्त्याचा खाडीपूल १९७३ चा. मानखुर्दहून वाशीला लोकल आली मे १९९२ मध्ये, म्हणजे पुलानंतर १९ वर्षांनी. या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलला, तेव्हा ती आली. पनवेलपर्यंत पोचायला १९९८ उजाडलं.

बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं. ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. प्रवासी बसले नोव्हेंबर २०२३ मध्ये. १२ वर्षं.

आणि विमानतळ. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी विमानं त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर. समजा, उलव्यात कुणी २००७ मध्ये "विमानतळाजवळ" म्हणून वीस वर्षांच्या कर्जावर घर घेतलं असतं, तर पहिलं विमान उडेपर्यंत त्याचे १८ वर्षांचे हप्ते फेडून झाले असते. घराची किंमत वाढली असेल, मी नाही म्हणत नाही. पण तोवर त्याची मुलं शाळेतून कॉलेजात गेली, आणि गाडीखाली रस्ता होता तो डंपरचा.

यातून मला दिसतं ते असं. मोठ्या योजनेत ठरलेल्या बऱ्याच गोष्टी शेवटी येतात. पूल आला, ट्रेन आली, मेट्रो आली, विमानतळही आलं. एखादी मोठी गोष्ट, जसं मंत्रालय, येतच नाही. आणि सांगितलेल्या तारखेला तर जवळजवळ काहीच येत नाही. मग भविष्याचा भाव आज का द्यायचा?

आमच्या खिडकीबाहेरचा प्लॉट

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही त्या टू बीएचकेकडे पुन्हा बघितलं.

त्या इमारतीत दोन फ्लॅट उपलब्ध होते. एक रस्त्याच्या बाजूला, दुसरा त्या मोकळ्या प्लॉटच्या बाजूला. प्लॉटच्या बाजूचा चार लाखांनी महाग. का? तर "ओपन व्ह्यू". मी नकाशा काढून बघितला. ज्या मोकळ्या जागेचे जास्तीचे पैसे मागत होते, तिथेच उंच इमारती ठरलेल्या. म्हणजे एकाच तोंडाने "इथे मोठा प्रकल्प येतोय, भाव वाढणार" आणि "बघा काय मोकळं आहे" असं दोन्ही! दोन्ही एकदम खरं कसं असेल?

दुसरा मुद्दा भावाचा. शेजारी हजारो नवी घरं आली की आपल्या घराची किंमत वाढेलच, असं नाही. सिडकोने २०१८ मध्ये एकाच सोडतीत तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी मिळून १४,८३८ घरं काढली होती. असा प्रकल्प शेजारी आला की काही वर्षं भाडेकरूला आणि गिऱ्हाइकाला भरपूर पर्याय असतात, तेही नवे कोरे. तेव्हा तुम्हाला घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर घासाघीस तुमच्याशीच होणार. "पाच वर्षांत दुप्पट करून विकू" असा बेत असेल तर याचा नीट विचार करा.

तिसरी गोष्ट कुजबुजून सांगितली जाते. "स्वस्त घरांची स्कीम आहे ना शेजारी, पब्लिक कसली येईल…" हे ऐकून मला वरळीच्या चाळी आठवतात. तिथे जे कामगार राहायला आले त्यांनीच त्या भागाला माणसांचा भाग बनवलं. शेजारी दहा हजार माणसं आली तरच बसच्या फेऱ्या वाढतात, शाळा निघते, भाजीवाला गाडी लावतो, रात्री अकराला स्टेशनवरून रिक्षा मिळते. मला तशी पब्लिक हवीच आहे. भीती वाटते ती मधल्या वर्षांची. पाइलिंगचा आवाज, धूळ, पाण्याच्या त्याच लाइनवर वाढलेला ताण आणि टँकर.

तर आमचा निर्णय. सांगतेच. आम्ही रस्त्याच्या बाजूचा फ्लॅट घ्यायचं ठरवलंय. इमारतीला ओसी आहे. मेट्रो आज चालू आहे, "येणार" नाही. दोघांची ऑफिसं सव्वा तासाच्या आत आहेत, तो प्रवास आम्ही सोमवारी सकाळी प्रत्यक्ष करून बघितला. तळोजा एमआयडीसीचा वास रात्री किती येतो ते बघायला नवरा दोनदा रात्री दहानंतर जाऊन आला. भाव ठरवताना आम्ही मालकाला सरळ म्हटलं, "काका, शेजारच्या प्रकल्पाचं सोडा, आज इथे जे आहे त्याचं बोला." दोन आठवडे ताणलं, मग जमलं. शेजारचा प्रकल्प दहा वर्षं आला नाही तरी आम्ही तिथे राहू शकतो. आला तर धूळ खाऊ, पण हप्ता बुडणार नाही. एवढं जमतंय म्हटल्यावर टोकन दिलं.

तुम्ही काय तपासाल?

तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याआधी एवढं नक्की करा.

पहिलं, एजंटच्या फोनवरचा नकाशा नको. त्या भागाचं नियोजन कुणाकडे आहे, महापालिका की सिडको, ते बघा आणि त्यांच्याकडचा मंजूर विकास आराखडा घ्या. शेजारच्या प्लॉटवर नेमकं काय ठरलंय, किती रुंद रस्ता दाखवलाय, तो तुमच्या कंपाउंडला तर खेटत नाही ना, हे त्यात दिसतं. आराखड्यात बदल करायचा झाला तर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. त्या सूचना वाचायची सवय लावा.

दुसरं, समोर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात तरतूद आहे की आरक्षित खासगी जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे तुमच्या ब्रोशरमधली बाग उद्या टॉवर होऊ शकते, तेही कायद्याने.

तिसरं, शेजारचा प्रकल्प महारेराच्या वेबसाइटवर शोधा. महारेरा २०१७ पासून आहे. काम पूर्ण करायची तारीख काय दिलीय, ती आधी पुढे ढकललीय का, हे फुकटात कळतं. आपण फक्त आपल्या इमारतीचं बघतो, शेजारच्याचं कुणी बघत नाही.

चौथं, एका कागदावर तीन रकाने पाडा. आज चालू असलेलं. काम सुरू असलेलं. नुसतं जाहीर झालेलं. पहिल्या रकान्याचे पूर्ण पैसे द्या. दुसऱ्याचे थोडे, तेही जागेवर जाऊन काम डोळ्यांनी बघून. तिसऱ्याचे शून्य. नैना क्षेत्रात, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ज्या पट्ट्याचं नियोजन २०१३ मध्ये सिडकोकडे आलं तिथे, घर किंवा प्लॉट बघत असाल तर हा कागद दोनदा करा. कारण तिथे अजून बरंच काही तिसऱ्या रकान्यात आहे.

आणि पाचवं, घरातल्या एखाद्या आत्याला, मामाला फोन करा. ८० किंवा ९० च्या दशकात जे कुणी डोंबिवलीला, वाशीला, मीरा रोडला, पुण्यात कोथरूडला राहायला गेले, त्यांना विचारा की घर घेतलं तेव्हा काय सांगितलं होतं, काय आलं आणि किती वर्षांनी. उत्तरं रेकॉर्ड करून मला पाठवा. तुमची परवानगी असेल तर पुढच्या भागात ऐकवेन. पुढचा भाग बंबईच्या १९१५ च्या टाउन प्लॅनिंग कायद्यावर आहे. वांद्र्याच्या आणि खारच्या पत्त्यांमध्ये अजून "टीपीएस" का लिहितात, ते त्यात कळेल. तोवर भेटत राहू, ऐकत राहा!